गोडमिट्ट आयसिंगला मिठाचं माप

वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात वाढदिवसाचा केक पूर्वी तालुक्याहून यायचा. मोटरसायकलवर मागे बसलेल्याने डबा मांडीवर धरायचा आणि पुढच्याने खड्डे चुकवत गाडी हाकायची. आता कुकरमध्ये, कढईत वाळू तापवून, एखाद्या घरी ओव्हनमध्ये, केक घरीच होतो. स्पंज बहुतेकींना छान साधला आहे. अडतं ते आयसिंगपाशी. वाढदिवस आटोपल्यावर ताटल्या गोळा करताना बघा: केक संपलेला असतो आणि वरचं क्रीम कडेला काढून ठेवलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांनी तर पहिल्याच घासाला ‘लय गोड हाय वं’ म्हणत ताटली नातवाकडे सरकवलेली असते.

आठवडाभर साय जमवायची, लोणी काढायचं, हात भरून येईस्तोवर फेटायचं आणि ते ताटलीच्या कडेला राहायचं, हे मला लागतं. म्हणून गेल्या काही वर्षांत जे पुन्हा पुन्हा करून पाहिलं, ते मापांसकट लिहिते आहे.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती सगळ्यांकडून होते. शेजारच्या घरी नातवाचा पहिला वाढदिवस होता, साठ-सत्तर माणसं. तालुक्याहून पिवळ्या बटरची १०० ग्रॅमची पाच पाकिटं आणली, त्यात किलोभर पिठीसाखर घातली आणि फेटलं. चाखलं तर खारं. साखर वाढवली. तरी खारं. आणखी वाढवली. शेवटी जे झालं ते खारटही होतं आणि गोडमिट्टही, आणि इतकं घट्ट की लावताना स्पंजाचे तुकडे सुरीला चिकटून वर येत होते. त्या रात्री मी बटरच्या पाकिटाची मागची बाजू पहिल्यांदा वाचली.

तिथे सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणलं की मिठाचं वजन निघतं. नेहमीच्या खाऱ्या बटरमध्ये १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे साधारण २ ग्रॅम मीठ. पाच पाकिटांत १० ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट चमचा भरतो सहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मिठाच्या डब्याला हातही न लावता दीड चमच्याहून जास्त मीठ मी त्या आयसिंगमध्ये घातलं होतं.

मीठ गोडी मारत नाही

शिऱ्यात, सांज्यात, पुरणपोळीच्या कणकेत आपण मिठाची चिमूट टाकतोच. ‘त्याशिवाय गोडाला चव नाही’ असं घरोघरी म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. पण त्यावरून पुष्कळजणी असा अर्थ काढतात की आयसिंग फार गोड झालं तर मीठ घालावं, गोडी उतरेल. तसं होत नाही. थोडं मीठ गोडीला उलट उठाव देतं. कारण मीठ सगळ्यात आधी कडवटपणा दाबतं, आणि कडवटाखाली झाकलेली गोडी व वास मोकळे होतात. चव आणि वास यांचा अभ्यास करणाऱ्या, फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं होतं: कडू आणि गोड एकत्र केलेल्या द्रावात सोडियमचा क्षार मिसळला, तेव्हा चाखणाऱ्यांना कडू कमी आणि गोड जास्त लागलं.

मीठ वाढवतच नेलं तर पुढे ते गोडीवर चढतं खरं, पण तोवर आयसिंग खाण्याजोगं राहिलेलं नसतं.

तेव्हा ही दोन कामं मनात वेगळी ठेवा. आयसिंग सपक, नुसतं साखरेसारखं लागत असेल, दुधाचा, व्हॅनिलाचा, कोकोचा वास वर येत नसेल, तर मीठ. आयसिंग खरोखरच जास्त गोड असेल, घशाशी येत असेल, तर लोणी, आंबट, कडू किंवा मुळातच साखर कमी लागणारी कृती. दुसऱ्या दुखण्याला पहिलं औषध दिलं की तेच होतं जे त्या वाढदिवसाला झालं.

मीठ कुठून कुठून येतंय

कामाला लागण्यापूर्वी ओट्यावरच्या सगळ्या वस्तू एकदा नजरेखालून घाला. खारं बटर तर झालंच. केकसाठी मिळणाऱ्या मार्जरीनमध्येही मीठ असू शकतं, घटकांची यादी वाचा. दूध पावडरीत थोडं सोडियम निसर्गतःच असतं. स्पंजमध्ये बेकिंग पावडर आणि सोडा पडलेला असतो. गावात सर्वांत जास्त होतो तो बिस्किटांचा केक. त्या बिस्किटांत साखर, मीठ, सोडा तिन्ही आधीच असतात. बिस्किटाच्या केकवर नेहमीचं आयसिंग थापलं तर गोडावर गोड चढतं. अशा केकला पुढे सांगितलेलं खळीचं आयसिंगच लावा, तेही पातळ थराने.

लोणी: आपल्या हातातली सर्वांत चांगली वस्तू

बिनमिठाचं बटर तालुक्याला सहसा मिळत नाही. त्यासाठी अमरावती नाहीतर नागपूरच्या बेकरी सामानाच्या दुकानात जावं लागतं. पण म्हशीचं दूध ज्या घरात येतं त्या घरात बिनमिठाचं बटर आहेच. ते म्हणजे लोणी. यात मीठ शून्य, म्हणजे किती घालायचं हे पूर्ण आपल्या हाती. विरजणामुळे त्याला जी हलकी आंबट झाक असते, ती साखरेला आतूनच आवर घालते. बाहेरच्या बटरला ही चव नाही. मी तर म्हणेन, आयसिंगसाठी ताजं लोणी मिळत असताना बटर विकत आणूच नये.

फक्त ते नीट काढलेलं हवं. तापवलेल्या दुधाची साय फ्रीजमध्ये जमवा, आठ दिवसांपेक्षा जुनी नको. रात्री विरजण लावा आणि सकाळीच घुसळा. दोन दिवस ठेवलं की दही आंबटढाण होतं आणि तो वास लोण्यातून जात नाही. लोण्याचा गोळा आला की माठातल्या गार पाण्याने धुवा. पहिलं पाणी दुधासारखं निघतं, दुसरं पेजेसारखं, चौथं-पाचवं नितळ. नितळ होईपर्यंत थांबायचं नाही, कारण आत राहिलेलं ताक आयसिंग फाडतं आणि संध्याकाळपर्यंत आंबवतं.

मग परातीत गोळा घ्या, परात एका बाजूला उचलून धरा आणि लाकडी चमच्याने लोणी दाबत राहा. आतले पाण्याचे कप्पे फुटतात आणि थेंब परातीच्या कडेने ओघळतात. दुकानातल्या बटरमध्ये पाणी १६ टक्क्यांच्या आत असतं. घरच्या लोण्यात त्याहून बरंच जास्त. म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी मी ११० ग्रॅम लोणी घेते आणि कृतीत सांगितलेलं दूध घालत नाही. हे लोणी फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत वापरून टाका.

लोणी पुरेसं नसेल तर खारं बटर थोडं मिसळायला हरकत नाही, आणि इथे एक सोयीचा हिशेब आहे. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम खारं बटर आणि ७५ ग्रॅम लोणी घेतलं तर मीठ पडतं अर्धा ग्रॅम. २०० ग्रॅम साखरेच्या आयसिंगला नेमकं तेवढंच लागतं. वरून मीठ घालायची गरजच नाही.

नुसतं खारं बटरच हाताशी असेल तर ते धुऊन घ्या. बटरमधलं मीठ त्याच्या पाण्याच्या भागात विरघळलेलं असतं, तुपाच्या भागात नाही. बटर मऊ करा, बर्फाच्या पाण्यात हाताने मळा, पाणी ओता, पुन्हा मळा. तीन पाणी बदललं की खारटपणा चांगलाच उतरतो. सगळा जात नाही, तेव्हा वरून मीठ नको. नंतर परातीत पाणी दाबून काढायला विसरू नका.

मिठाचं पाणी करून ठेवा

‘चिमूटभर’ हे माप शिऱ्याला चालतं. आयसिंगला नाही, कारण माझी चिमूट आणि सासूबाईंची चिमूट यात दुपटीचा फरक आहे. शिवाय कोरडं मीठ स्निग्धात विरघळत नाही. ते कणाकणाने तसंच राहतं; एका घासात काही नाही आणि दुसऱ्या घासात दाताखाली मिठाचा खडा. अर्धा ग्रॅम मोजेल असा काटा घरात नसतो. यावर मी जो उपाय करते त्याला फक्त औषधाच्या बाटलीवर येतं ते मापाचं प्लॅस्टिकचं झाकण लागतं, ज्यावर अडीच आणि पाच मिलीच्या रेघा असतात. असं एक झाकण गरम पाण्याने, साबणाने घासून फक्त स्वयंपाकासाठी वेगळं ठेवा.

झाकणात पाच मिलीच्या रेघेपर्यंत बारीक मीठ भरा. ते एका पेल्यात टाका. त्याच झाकणाने बारा वेळा, पाच पाच मिली, उकळून कोमट केलेलं पाणी घाला. ढवळून विरघळवा. आता या पाण्याच्या प्रत्येक पाच मिलीत साधारण अर्धा ग्रॅम मीठ आहे. छोट्या बाटलीत भरा आणि बाटलीवर चिठ्ठी लावा, घरात पोट्टे असतात. फ्रीजमध्ये ठेवलं तर पुढच्या केकलाही येतं.

सैंधव किंवा खडेमीठ वापरत असाल तर आधी कुटून अगदी पीठ करा, नाहीतर झाकणात वजनाने कमी बसेल आणि माप चुकेल.

साखर

दुकानातल्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडं कॉर्नफ्लोअर असतं. घरी दळत असाल तर कपभर साखरेला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून मिक्सरमधून काढा आणि मलमलच्या कापडातून चाळा. पीठ चाळायची चाळणी पुरत नाही. बोटांच्या चिमटीत चोळून पाहा, कणी लागली तर पुन्हा फिरवा. कणीदार साखरेचा तोटा असा की ती जिभेवर उशिरा विरघळते. चाखताना आयसिंग कमी गोड वाटतं, हात आणखी साखरेकडे जातो, आणि तीन तासांनी कणी विरघळल्यावर तेच आयसिंग घशाशी येतं.

वाटीने मोजू नका. ताजी चाळलेली साखर आणि डब्यात दबून बसलेली साखर, दोन्हींची वाटी सारखी दिसली तरी वजनात बराच फरक असतो. किराणा दुकानातून २०० ग्रॅमची पुडी बांधून आणली तरी चालेल.

फेटताना मीठ कधी

११० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम पिठीसाखर, एवढं माप अर्धा किलोच्या साध्या केकला पुरतं. लोण्यावर बोट दाबलं की खड्डा पडावा, पण बोटाला तूप लागू नये. आधी नुसतं लोणी पाच-सात मिनिटं फेटा, ते पांढरंशुभ्र आणि हलकं होतं. मग साखर तीन वेळा करून घाला. दुसऱ्या वेळेनंतर मिठाचं पाणी पाच मिली. तिसरी साखर घातल्यावर व्हॅनिला अर्धा चमचा. व्हॅनिला इसेन्स जास्त झाला तर कडवटतो, आणि तो कडवटपणा झाकायला आपण पुन्हा साखर घालतो. ते टाळा.

मीठ शेवटी न घालता मध्येच का? शेवटी घातलं तर पाणी सगळीकडे पोचायला पुन्हा बराच वेळ फेटावं लागतं, आणि उकाड्यात तेवढ्यात लोणी सुटतं.

चाखायची रीत

आयसिंग बोटावर घेऊन चाटायचं आणि ठरवायचं, ही रीत फसवी आहे. केक खाताना आयसिंग कधीच एकटं तोंडात जात नाही. स्पंजाचा वरून कापलेला पापुद्रा बाजूला ठेवा, त्याच्या तुकड्यावर केकवर असेल तेवढाच थर लावा आणि मग खा. चाखण्यापूर्वी कोमट पाण्याने चूळ भरा. गोड चहा पिऊन चाखू नका. फ्रीजमधून काढलेलं आयसिंग लगेच चाखू नका, कारण थंडीत जिभेला गोड कमी कळतं. तेच घरच्या हवेत आलं की गोडी वर येते. चौथ्या-पाचव्या वेळेला स्वतःच्या जिभेवर विसंबू नका, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बोलवा.

मापाचा अंदाज येण्यासाठी एकदाच हे करा, पुन्हा कधी करावं लागणार नाही. बिनमिठाचं आयसिंग तीन वाट्यांत १००-१०० ग्रॅम वाटा. पहिलीत काही घालू नका, दुसरीत मिठाचं पाणी अडीच मिली, तिसरीत पाच मिली. मी हे जानेवारीतल्या एका दुपारी ओसरीवर केलं. शेजारच्या आजी उन्हात पाय पसरून तूर निवडत बसल्या होत्या, त्यांच्यापुढे स्पंजाचे तीन तुकडे ठेवले आणि कशात काय ते सांगितलं नाही. पहिला तुकडा खाऊन त्या म्हणाल्या, ‘हे तं निरं गोड हाय, चव नाई याले.’ दुसरा तोंडात टाकला आणि थांबल्या. सुपातला हात तसाच राहिला. ‘याच्यात काय घातलं वं? लोण्याचा वास येऊन रायला.’ तिसऱ्याला त्यांनी नुसती मान हलवली आणि पाण्याचा तांब्या मागितला.

लोणी तिन्ही वाट्यांत तेच होतं, वास मात्र दुसऱ्या वाटीतच आला. मिठाचं काम एवढंच, आणि तेवढंच त्याला करू द्यावं. ३०० ग्रॅम आयसिंगला पाच मिलीपासून साडेसात मिलीपर्यंत मिठाचं पाणी, माझा हात तिथे स्थिरावला आहे. तिसरी वाटी म्हणजे जवळजवळ खाऱ्या बटरचं आयसिंग.

कमी साखरेचं: खळीचं आयसिंग

लोण्याच्या दुप्पट साखर, हे वरचं माप फुलं काढायला, कडेची नक्षी करायला चांगलं. थर जाड असेल तर ते गोडच लागणार. घरच्या माणसांसाठी मी हल्ली हे दुसरं करते. यात साखर निम्म्याहून कमी लागते, अंडं लागत नाही आणि पिठीसाखरही लागत नाही.

१०० मिली दूध, दोन सपाट मोठे चमचे मैदा, ९० ग्रॅम साधी साखर. मैदा आधी थोड्या गार दुधात कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग उरलेलं दूध आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत राहा. पोथीला, पतंगाला लावायची खळ असते तसं घट्ट होईल. बुडबुडे फुटायला लागल्यावरही दोन मिनिटं सोडू नका, नाहीतर कच्च्या मैद्याची चव येते. उतरवून वर ताटली टेकवून झाका म्हणजे साय धरणार नाही. आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट खळ लोण्यात घातली की सगळं पाणी पाणी होतं. १०० ग्रॅम लोणी फेटून हलकं करा, मग खळ चमच्या-चमच्याने घालत फेटा. मध्ये एकदा फुटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, फेटत राहिलं की पुन्हा जुळून येतं.

इथे मिठाचं पाणी अडीच मिलीच घाला. साखर कमी असली की तेवढंच मीठ जास्त उठून दिसतं, हे मला दोन-तीन केक केल्यावर कळलं. अडीचवर चाखा, लागलं तर थेंबाथेंबाने पुढे जा.

संत्र्याचं

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडचा हा पट्टा संत्र्याचा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्यात फुललेलं, फळ दिवाळीच्या आगेमागे उतरतं आणि मृगाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुललेलं, फेब्रुवारीपासून. वर्षातले पाच-सहा महिने इतकं चांगलं फळ दारात असताना आयसिंगमध्ये बाटलीतला संत्र्याचा इसेन्स का घालावा? संत्रं तर आपलं काम सोपं करतं, कारण त्यात गोड, आंबट आणि कडू तिन्ही आहेत.

फळ मिठाच्या कोमट पाण्यात चांगलं चोळून धुवा, सालीवर फवारणी असते. सोलण्याआधीच एका संत्र्याची साल बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवा. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, दाब पडला की पांढरा भागही निघतो आणि तो कडू. केशरी तेवढंच हवं. हा कीस २०० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळून दहा मिनिटं ठेवा. सालीतलं तेल साखरेत उतरतं आणि साखर ओलसर, फिक्या केशरी रंगाची होते. दोन-तीन संत्र्यांचा १०० मिली रस मंद आचेवर दोन मोठे चमचे उरेपर्यंत आटवा आणि गार करा. कच्चा रस तसाच घालू नका, पाणी जास्त होऊन आयसिंग ओघळतं.

११० ग्रॅम लोणी, ही साखर, आटवलेला रस थोडा थोडा, आणि मिठाचं पाणी साडेसात मिली. इथे मीठ थोडं जास्त आहे, कारण सालीचा कडवटपणा सांभाळायचा आहे. मीठ घालण्याआधी आणि नंतर दोनदा चाखा. मिठाचं काम एवढं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच आयसिंगमध्ये कळत नाही. फळ फार गोड निघालं तर पाव चमचा लिंबाचा रस घाला.

कोकोचंही असंच. ३० ग्रॅम साखर काढून त्या जागी ३० ग्रॅम कोको पावडर चाळून घाला, मीठ साडेसात मिली. लिंबू मात्र नको.

पाकिटातलं व्हिप क्रीम

दुकानातल्या केकसारखं पांढरं दिसावं म्हणून हल्ली गावातही हेच आणतात. यात साखर आधीच असते, ती काढता येत नाही. म्हणून यात एक कणही साखर घालू नका. रात्रभर टांगून ठेवलेल्या ताज्या दह्याचा घट्ट चक्का घ्या. २५० ग्रॅम फेटलेल्या क्रीमला ६० ग्रॅम चक्का, चाळणीतून घासून, हलक्या हाताने मिसळा. गोडी लगेच खाली येते. मिठाचं पाणी अडीच मिली पुरे. पाकिटावरच्या यादीत मीठ असेल तर तेही नको. हा केक कापेपर्यंत फ्रीजमध्येच ठेवा.

बिघडलं तर

जास्त गोड झालं असेल तर आधी ४०-५० ग्रॅम लोणी वेगळं फेटून त्यात मिसळा. नाही पुरलं तर लिंबाचे थेंब. पुढच्या वेळी २०० ग्रॅम साखरेतली ४० ग्रॅम काढून तिथे दूध पावडर चाळून घाला. दुधातली साखर आपल्या साखरेपेक्षा पुष्कळ कमी गोड असते, त्यामुळे घट्टपणा राहतो आणि गोडी उतरते.

खारट झालं तर साखर वाढवू नका, माझ्यासारखं होईल. मिठाला उतारा एकच, बिनमिठाचा दुसरा घाणा. नुसत्या खाऱ्या बटरचं ३०० ग्रॅम आयसिंग असेल तर लोण्याचं ६०० ग्रॅम त्यात मिसळावं लागतं, तेव्हा ते जागेवर येतं. एवढं लागणार नसेल तर खारं आयसिंग फ्रीजरमध्ये ठेवा आणि पुढच्या केकला खाऱ्या बटरच्या जागी थोडं थोडं वापरा.

एक गोष्ट पाहुण्यांच्या दृष्टीने. २०० ग्रॅम साखरेच्या केकचे बारा तुकडे केले तर एका तुकड्यावर सोळा-सतरा ग्रॅम साखर नुसती आयसिंगची असते, चार चमच्यांच्या वर. घरात साखरेचा आजार असलेलं कोणी असेल तर त्यांच्या वाटणीचा तुकडा आयसिंग लावण्याआधीच काढून ठेवा, आणि तोही लहानच. ऐनवेळी खरवडून देणं त्यांनाही बरं वाटत नाही.

एप्रिल-मे

आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि लोणी ३२ ते ३५ अंशांतच वितळतं. कुलरची हवा ओली, तिने पिठीसाखरेला पाणी सुटतं. त्यात वीज गेली की फ्रीजही बंद. या दिवसांत काहीजणी लोण्यात डालडा मिसळतात. एक चतुर्थांशपर्यंत मिसळला तर आकार टिकतो, पण टाळूला मेणासारखा थर बसतो आणि त्या थराखाली मीठ, व्हॅनिला काहीच लागत नाही. त्यापेक्षा पहाटे पाचला फेटा, भांडं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा आणि थर पातळ लावा.

मी स्वतः मे महिन्यात लोण्याच्या वाटेला जात नाही. तेव्हा घरोघरी कैरी असते आणि पन्हं होतं. पन्ह्यात गोड, आंबट, खारं हे तिन्ही आपल्या आयाबायांनी केव्हाच जुळवून ठेवलं आहे. तेच केकवर आणायचं. कैऱ्या उकडून २०० ग्रॅम गर काढा, चाळणीतून घासा, २०० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर ठेवा. ढवळताना कढईचा तळ क्षणभर दिसायला लागला की उतरवा; कैरीत पेक्टिन, म्हणजे फळाचा गर घट्ट करणारा घटक, भरपूर असतं, गार होताना मिश्रण आपोआप आळतं. कोमट असताना मिठाचं पाणी दहा मिली आणि वेलची. सुरीने स्पंजवर पातळ पसरा आणि कडेने थोडं ओघळू द्या. वीज जावो की राहो, संध्याकाळपर्यंत ते जागचं हलत नाही.